डाव्या हाताला काही लावायचं नाही

एगबेर्ट ब्रूनिंगहाउसने जन्मात कधी हाताला क्रीम लावलं नाही, हे होल्टरबाखच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नसून चालणार कसं? एगबेर्ट स्वतःच ते सांगत फिरायचा. कुणी विचारावं अशी त्याची अपेक्षाही नसे. दुसरी बिअर पोटात गेली की तो बाही कोपरापर्यंत सारायचा, हात टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "चाळीस वर्षं लेथवर काढली. बघा."

लोक बघायचे. हात खरोखरच बघण्यासारखा होता. स्क्रूच्या कारखान्यात दिवसभर यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटचं दुधाळ पाणी हातावर उडतं, लोखंडाचा बारीक चुरा कातडीत शिरतो, आणि शिफ्ट संपली की वाळूच्या साबणाने खसाखसा घासल्याशिवाय काळं निघत नाही. त्या पाण्याने भल्याभल्यांचे हात फुटले, कुणाच्या बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं, एक-दोघांना तर कामच सोडावं लागलं. एगबेर्टचा हात मात्र आपला मऊ आणि गुलाबी. कारखान्यात हात धुवायच्या जागी भिंतीवर एक रंगीत तक्ता होता: कामाआधी काय लावायचं, धुताना काय वापरायचं, कामानंतर काय चोळायचं. खाली तीन बाटल्या. मुकादम रोज विनवायचा. एगबेर्ट त्या तक्त्याच्या खिळ्याला आपली टोपी अडकवायचा. क्रीम बायका लावतात, हे त्याचं मत, आणि मत एकदा झालं की ते बदलायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती.

आता, रोज संध्याकाळी जेवण झालं की त्याची बायको गुडुला झाकणावर गाय असलेला डबा काढायची आणि बातम्या संपेपर्यंत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेल्कफेटने चोळायची, ही गोष्ट वेगळी. मेल्कफेट म्हणजे धार काढणाऱ्यांची चरबी. गाईच्या सडांना भेगा पडू नयेत म्हणून लावतात ती, पिवळी आणि घट्ट. एगबेर्टची आई गवळीण होती. तिने ती पोरांच्या गालांना लावली, नवऱ्याच्या बुटांना लावली, दाराच्या बिजागरीलाही लावली. आमच्या खोऱ्यात हा डबा नाही असं घर दाखवा. पण मेल्कफेटला क्रीम कुणी म्हणत नाही. मीठ खाल्लं म्हणून कुणी औषध घेतलं असं म्हणतो का? तसंच ते. लावलं तरी लावल्यात जमा नाही.

निवृत्त झाल्यावर एगबेर्टला घर खायला उठलं आणि तो घराला. कचऱ्याचे डबे रंगानुसार लावून झाले, मग शेजाऱ्यांचे तपासून झाले. गुडुला बटाटे सोलायला बसली की हा शेजारी उभा राहून सालीची जाडी बघायचा. शेवटी दर गुरुवारी फुकट येणाऱ्या पेपरातली एक जाहिरात तिनेच कात्रीने कापून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. शेजारच्या गावातल्या त्वचा-तपासणी केंद्राला निरोगी हातांची माणसं हवी होती. कामगारांसाठीची क्रीमं खरोखर हात राखतात का आणि स्वतःच अपाय करत नाहीत ना, हे तिथे तपासत.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर टेक्ला ओव्हरवेग. बारीक बांधा, हळू आवाज, नजर माणसाच्या तोंडाकडे कधी नाही, सदा कोपराखाली. त्यांनी एगबेर्टचा हात दिव्याखाली धरला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, अशी कातडी आता बघायला मिळत नाही. गावच्या नेमबाजीच्या जत्रेत खांबावरचा लाकडी पक्षी पाडून एगबेर्ट एक वर्ष राजा झाला होता. त्यानंतर त्याचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. तो तिथल्या तिथे विरघळला.

चाचणी साधी होती. दोन्ही हातांवर शाईने चौकोन आखायचे. उजव्यावर रोज नवं क्रीम, हाउटवाल नावाचं, म्हणजे कातडीची तटबंदी. डावा कोरा. मग दोन्हींवर छोट्या वाट्या चिकटवून त्यांत झोंबणारं साबणपाणी आणि कूलंट भरायचं, रोज थोडा वेळ. शेवटी कुठला हात किती लाल झाला ते बघायचं आणि कातडीतून किती ओल उडते ते यंत्राने मोजायचं. सोबत नियम छापून दिले होते: डाव्या हाताला काही लावायचं नाही. उजव्याला दिलेलंच लावायचं, दुसरं कुठलंही क्रीम, लोशन, तेल नाही.

नियम म्हणजे एगबेर्टचा जीव की प्राण. त्याने ते गुडुलाला दोनदा मोठ्याने वाचायला लावले. त्या संध्याकाळी ती डबा घेऊन आली, तर याने डावा हात पाठीमागे लपवला.

"डाव्याला नाही. काही लावायचं नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय."

"आणि उजव्याला?"

"उजव्याला दुसरं क्रीम लावायचं नाही."

गुडुलाने डब्याकडे बघितलं, झाकणावरच्या गाईकडे बघितलं. "पण हे क्रीम कुठंय?"

"तेच म्हणतोय मी," एगबेर्ट म्हणाला आणि उजवा हात पुढे केला.

चाचणी संपेपर्यंत डावा हात उकडलेल्या खेकड्यासारखा झाला होता. रात्री आग व्हायची. एगबेर्ट ते विज्ञानासाठी सोसतो आहे असं चेहऱ्यावर दिसेल अशा बेताने सोसत होता. उजवा मात्र तान्ह्या बाळाचा. डॉक्टर ओव्हरवेगनी यंत्राचे आकडे पाहिले आणि पहिल्यांदाच त्यांची नजर कोपराच्या वर, त्याच्या तोंडापर्यंत गेली. अशीच आणखी माणसं मिळतील का, त्यांनी विचारलं. मिळतील का म्हणजे काय! एगबेर्टने गावातला आपला अर्धा नेमबाज संघ नेऊन उभा केला. सगळे वेळेवर येणारे, नियम पाळणारे, हिरव्या जाकिटातले इमानी लोक. आणि प्रत्येकाच्या घरी गाईचा डबा, आणि प्रत्येकाची बायको गुडुलाइतकीच कर्तव्यदक्ष. पाठोपाठ सगळे उजवे हात बाळाचे निघाले. एका बेकरीवाल्याला आणि शाळेतल्या दोन सफाईवाल्या बायकांना मात्र दोन्ही हातांवर पुरळ उठलं. त्यांची कातडी फाजील नाजूक ठरवून त्यांना कॉफी पाजून घरी पाठवण्यात आलं. पोहता येतं त्यांनाच पाण्यात सोडायचं आणि मग नदी उथळ आहे म्हणून सांगायचं, त्यातला प्रकार.

हाउटवालवर शिक्का बसला: सुरक्षित आणि परिणामकारक, तपासून सिद्ध. कंपनीने भित्तिपत्रक काढलं. त्यावर तोंड कुणाचं नव्हतं, नुसता एक उजवा हात होता, बाही वर सारलेला, आणि खोऱ्यातल्या प्रत्येकाला तो कुणाचा ते ठाऊक होतं. कारखान्यात जिथे एगबेर्ट टोपी अडकवायचा तिथेच आता त्याचा हात लागला. खाटकाच्या मागच्या खोलीत लागला, दूध डेअरीत लागला. एगबेर्ट हवापाण्याच्या गप्पा मारायच्या निमित्ताने या जागी चक्कर टाकायचा आणि भित्तिपत्रक वाकडं असलं तर सरळ करायचा. जन्मभर क्रीमला नाकं मुरडणारा माणूस आता क्रीमवर प्रवचनं देत होता. पुराव्याला काही लागायचं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

एक भित्तिपत्रक त्याच्या मुलीच्या दुकानात होतं, केस धुवायच्या बेसिनवर.

आंके त्याची एकुलती एक. चर्चजवळ तिचं केशकर्तनाचं दुकान. शाळा सुटल्यापासून तिचे हात पाण्यात, शांपूत, रंगात आणि केस कुरळे करायच्या त्या नाक जाळणाऱ्या द्रावणात. चाळिशीला आली तोवर बोटांना भेगा पडल्या, भेगांतून पाणी सुटलं, कात्रीच्या कडीत अंगठा घालताना ती ओठ चावू लागली. रात्री सुती हातमोजे घालून झोपायची. बापाच्या शब्दावर तिने हाउटवाल सुरू केलं. तक्त्याबरहुकूम लावलं, कामाआधी, मधे आणि नंतर. आईच्या डब्याला तिने शिकाऊ असल्यापासून हात लावला नव्हता. केशकलेच्या शाळेत त्याला म्हाताऱ्यांचं ओंगण म्हणत. आणि आता तर हाउटवालच्या कागदावर नियमच होता, दुसरं काही लावायचं नाही. तो तिने पाळला. मुलगी बापावर गेली होती.

हात बिघडत गेले. एगबेर्ट दुकानात यायचा, डोक्याला रोलर लावून बसलेल्या बायकांसमोर बाही सारायचा आणि क्रीम कसं लावतात ते करून दाखवायचा. बोटांच्या मधे, नखांच्या कडेला, मनगटापर्यंत. आंके एप्रनला हात पुसत ऐकून घ्यायची.

"मी असंच लावते, पप्पा."

"असंच लावलं असतंस तर हात असे झाले असते का? कातडीच तुझी आईकडची. ब्रूनिंगहाउसांची अशी नसते."

असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला आणि आंकेला ते हळूहळू पटलं, याचा मला अजून राग येतो. पोरगी स्वतःच्या कातडीची लाज बाळगू लागली. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना हात उलटा धरू लागली.

शेवटी गावातल्या डॉक्टरने तिला धंदा सोडायला सांगितलं. मग एकच प्रश्न उरला. कामाने हात गेले असं कामगारांच्या विमा मंडळाने मान्य केलं, तर दुसरा धंदा शिकायचा सगळा भार ते उचलणार होतं. नाही केलं, तर दोष जन्माचा, आणि तिने चाळिशीत रिकाम्या हाताने, तेही फुटक्या, दारोदार काम मागायचं. मंडळाचे अधिकारी हेर टिगेस, हेर म्हणजे आपलं श्रीयुत. त्यांचा कल तिला आधीच कळला होता. तपासून सिद्ध झालेलं क्रीम तिने नियमाने वापरलं आहे. क्रीम राखतं हे सिद्ध आहे. तरी हात गेले, म्हणजे खोट कातडीत असणार. त्यातून बापाच्या घरची कातडी नमुनेदार आहे, तेव्हा दोष आला तो दुसऱ्या बाजूने. हे शेवटचं टिगेसना कुणी सांगितलं? टिगेस शेजारच्या गावच्या नेमबाज संघातले. जत्रेत त्यांनी एगबेर्टला बिअर पाजली होती आणि एगबेर्टने त्यांना हात दाखवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मंडळापुढच्या सुनावणीच्या आदल्या रविवारी आंके आईबापाकडे कॉफीला आली. अळूबुखारचा केक होता. तिने हातमोजे काढले नाहीत, काटाही मोज्यातूनच धरला. एगबेर्टची तेव्हा हाउटवालच्या नव्या प्रकारावर चाचणी चालू होती आणि डावा हात पुन्हा लालबुंद होता. संध्याकाळी तो संघाच्या बैठकीला जाणार म्हणून गुडुलाने चोळायचं काम आधीच उरकायला घेतलं. टेबलावरच डबा उघडला, त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि चोळू लागली.

आंके बघत होती. "ममी, एकच हात का?"

"डावा परीक्षेचा आहे ना. त्याला काही लावायचं नाही."

"आणि उजव्यावर क्रीम असतं ना? हाउटवाल?"

"ते असतंच. हे त्याच्यावरून."

"पहिल्या वेळेसही?"

"पहिल्या वेळेपासून," गुडुला कौतुकाने म्हणाली. "तुझा बाप नियमाचा किती पक्का, तुला माहितीये. डाव्याला बोट लावू दिलं नाही मला."

आंकेने काटा बशीत ठेवला. एगबेर्टने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आधी त्याला काही कळलंच नाही. मेल्कफेट क्रीममध्ये येत नाही, त्याने समजावून सांगितलं. ते तिलाही ठाऊक आहे. लहानपणी तिच्या गालांना तेच लावायचे.

"वर्षभर मला वाटत होतं मीच खराब आहे," आंके म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझा हात भिंतीवर बघायचे रोज, केस धुताना."

मग तिने कोट घातला आणि केक अर्धा टाकून गेली. गुडुला डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच बसली. बातम्या आल्या आणि गेल्या. एगबेर्टचा अर्धा चोळलेला हात टेबलावर पडून होता. बैठकीला तो त्या दिवशी उशिरा गेला, हे संघाच्या इतिहासात प्रथमच घडलं.

बैठकीत त्याने विषय काढला. आपण सगळ्यांनीच चाचणीत घोळ घातला असावा, असं तो चाचरत म्हणाला. कसला घोळ, संघाने विचारलं. मेल्कफेट. त्यावर जो हशा पिकला तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. मेल्कफेट हे क्रीम नव्हे, यावर तिथे मतदान घेतलं असतं तर एकही हात विरुद्ध गेला नसता, आणि सगळेच्या सगळे उजवे हात वर झाले असते.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर ओव्हरवेगकडे गेला. त्यांनी सगळं ऐकलं. चेहरा पांढरा पडला, मग रंग पुन्हा जाग्यावर आला. त्यांनी नियमांचा कागद काढून बोटाने ओळी तपासल्या. क्रीम, लोशन, तेल. चरबीचा उल्लेख नव्हता.

"हेर ब्रूनिंगहाउस, तुम्ही नियम मोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष नियमानुसारच आहेत. पुढच्या वेळी आपण हा एक शब्द घालू. आता हे बाहेर बोलण्यात कुणाचं भलं आहे, सांगा बरं?"

नियम मोडलेला नाही, हे ऐकायला एगबेर्ट आयुष्यभर जगला होता. दारातून बाहेर पडला तेव्हा प्रथमच ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही. माणसाला गेंड्याची कातडी असते ती हातावर नसते, हे त्याला त्या जिन्यावर कळलं असावं. ही कातडी स्वतःची का डॉक्टरची, हे तो बोलला नाही.

सुनावणीला आंकेने त्याला बोलावलं नव्हतं. ती मंडळाच्या कचेरीत पोचली तर हा आधीच बाकावर बसलेला, संघाचं हिरवं जाकीट घालून, राजेपदाचं चांदीचं पदक लावून. सरकारी ठिकाणी जायचं तर अंगावर काहीतरी हवं, ही त्याची समजूत. शेजारी गुडुला, मांडीवर पर्स. आंके दोघांशी बोलली नाही. पण आत जाताना दार धरून उभी राहिली, आणि एगबेर्ट आत शिरला.

हेर टिगेस त्याला बघून खुलले. राजेसाहेब, म्हणाले, कसा आहे आपला प्रसिद्ध हात? एगबेर्टने जाकीट काढलं, खुर्चीच्या पाठीला नीट लावलं, पदक लोंबणार नाही अशा बेताने. मग सदऱ्याच्या दोन्ही बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्यावर शाईचे चौकोन होते आणि चौकोनांत सोलल्यासारखी लाली. त्याने सांगायला सुरुवात केली. डबा, गाय, बायको, बातम्या, संघ, संघाच्या बायका. मधे दोनदा अडकला. चाळीस वर्षं कारखान्यात टिकलो तोही त्या डब्यामुळेच, हे सांगताना तर पार अडकला, कारण ते त्याला सांगतासांगताच कळत होतं. टिगेस हसायला लागले होते, ते मधेच थांबले. हे लिहून घेतलं तर भित्तिपत्रक उतरेल, त्यांनी बजावलं, आणि गावात तोंड दाखवणं कठीण होईल. एगबेर्ट म्हणाला, तोंड नाहीच त्याच्यावर, हातच आहे.

आंके इतका वेळ मागे बसली होती. ती उठली, मोजे काढले आणि आपले दोन्ही हात बापाच्या डाव्या हाताशेजारी ठेवले. तीच लाली, त्याच भेगा, अंगठ्याच्या बुडाशी तीच सोललेली जागा. आईकडचं काही नव्हतं त्यात.

टिगेसनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. पेन उघडलं. "मला एकच नक्की लिहायचंय, हेर ब्रूनिंगहाउस. या दोन्हींतला तुमचा हात नेमका कोणता धरायचा?"

"डावा," एगबेर्ट म्हणाला. "उजवा गुडुलाचा आहे."